तीस बाईला, तेहतीस कापडाला

माझ्या मामीला आमच्या भागातल्या निम्म्या बायकांची मापं तोंडपाठ होती आणि त्यांतल्या जवळजवळ एकीचाही चेहरा तिला माहीत नव्हता. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. पण तिच्याबरोबर एकदा बाजारात गेलं की खात्री पटायची. भाजी निवडता निवडता ती एकदम माझा दंड दाबायची आणि हळूच म्हणायची, "ती बघ, पाठमोरी. डावा खांदा अर्धा इंच पडलाय."

"तुझ्या ओळखीची आहे का?"

"छे गं. बदामी गॅबर्डिन आहे ती. मागच्या थंडीत त्या कापडाचा कोट केला तिचा."

मग ते बदामी गॅबर्डिन वळायचं आणि मामी त्या बाईच्या तोंडाकडे इतकी टक लावून बघायची की मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बाई बिचारी गोंधळून पुढे जायची. मामी मात्र खुशीत. "अशी दिसते होय! मला वाटलं होतं, नाक लांब असेल." नाकाचा आणि खांद्याचा काय संबंध, हे मी विचारल्याशिवाय राहणं शक्यच नव्हतं, पण त्याचं धड उत्तर मला कधी मिळालं नाही.

माझा मामा लेडीज टेलर. अख्खा रस्ता त्याला मास्तर म्हणतो. जागा दोन खोल्यांची: पुढची खोली दुकान, मागची खोली घर. पुढे रस्त्याकडे मोठी खिडकी, तिच्याखाली मामाचं मशीन, गिऱ्हाइकांसाठी बाकडं, उभा आरसा आणि कपडे घालून बघायला पडद्याचा आडोसा. मागे स्वयंपाकाचा ओटा, दोन खाटा आणि मधोमध मामीचं कापायचं टेबल. जेवायच्या वेळी तेच जेवायचं टेबल व्हायचं. दोन खोल्यांच्या मधे भिंत. भिंतीच्या एका टोकाला दार, ते दिवसभर लोटलेलं, आणि कमरेच्या उंचीवर एक चौकोनी झरोका. त्यातून कापड आत जायचं आणि कापून बाहेर यायचं.

या धंद्यात खरा जीव आहे तो कापण्यात. शिवण चुकली तर उसवता येते, पण कात्री चुकली तर कपाळाला हात लावून बसायचं. मामीचे वडील कोट शिवणारे नावाजलेले टेलर होते. मामा त्यांच्याकडे मशीनवर बसायला शिकला. मामी मात्र कुणी न शिकवता, त्यांच्या टेबलाखालच्या चिंध्यांत खेळता खेळता कापायला शिकली. लग्न झाल्यावर मामाने मोठ्या हौसेने स्वतः एक कोट कापला. तो गिऱ्हाइकाच्या अंगात गेलाच नाही. गेला तो मामीच्या धाकट्या भावाच्या अंगात, आणि तो तेव्हा शाळेत होता. त्या दिवसापासून कात्री मामीकडे आणि जीभ मामाकडे अशी वाटणी झाली ती झालीच.

जिभेचं काम मामा फर्मास करायचा. बाई कितीही वैतागून आलेली असो, माप देऊन निघाली की चेहरा खुललेला. मापं तो गाणं म्हटल्यासारखी मोठ्याने सांगायचा, म्हणजे भिंतीपलीकडे मामीला ऐकू जावीत. "कंबर तीस!" आणि लगेच हातातल्या लाकडी पट्टीने भिंतीवर टकटक. कधी एकदा, कधी तीनदा, कधी मुळीच नाही. सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायला असायची तेव्हा या टकटकीने मला भंडावून सोडलं होतं. मामाला विचारलं तर तो म्हणाला, "भिंत पोकळ आहे का ते बघतो." मामीला विचारलं तर ती म्हणाली, "उंदीर पळवतो." एका प्रश्नाला दोन उत्तरं मिळाली म्हणजे दोन्ही खोटी, एवढं मला त्या वयातही कळत होतं. मामा मला 'चौकशी खिडकी' म्हणायचा. आजही म्हणतो. पण लहान वयात दर तासाला नवा प्रश्न पडतो, त्यात हा मागे पडला.

पुढे मी नोकरीला लागले. ऑफिस मामाच्या दुकानापासून दोन चौक पलीकडे, त्यामुळे दुपारचं जेवण मामीच्या टेबलावर, चिंध्या बाजूला सारून. अशीच एकदा जेवायला गेले. टेबलावर काळ्या लोकरी कापडाच्या दोन बाह्या पडलेल्या. मी एक उचलली, दुसरी उचलली, मला काही कळेना.

"दोन्ही डाव्या आहेत," मामी म्हणाली.

कापडाला उलट आणि सुलट बाजू असते. ती न बघता कापलं की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. शिकाऊ पोरं करतात ही चूक. मामीने केली, कारण मागच्या खोलीत दिव्याखाली तिला त्या काळ्या कापडाची उलट-सुलट दिसलीच नव्हती. मामाने तेवढंच कापड धावपळ करून आणलं आणि वेळ निभावली. पण मामी जेवली नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मोतीबिंदू आहे, पण अजून काढण्याजोगा नाही, तोवर बारीक काम दिवसाच्या उजेडातच करायचं. आता मागच्या खोलीत दिवसाचा उजेड म्हणजे ओट्यावरच्या जाळीतून येईल तेवढा. मामाने टेबलावर आणखी दिवे लावले. खोलीचं नाटकाचं स्टेज झालं आणि मामीचं डोकं दुखायला लागलं. मग तो प्रत्येक कापडाच्या उलट बाजूला खडूने फुल्या मारून आत पाठवायला लागला.

"टेबल पुढे न्या की खिडकीपाशी," मी म्हटलं. चौकशी खिडकीला सल्लाही द्यायचा असतोच. मामाने माझ्या हातात टेपचं एक टोक दिलं आणि मला टेबल मोजून दाखवलं. ते पुढे बसवायचं तर मशीन किंवा बाकडं रस्त्यावर काढावं लागलं असतं, नाहीतर गिऱ्हाइकाने टेबलावर उभं राहून आरशात बघायचं.

नेमकं त्याच सुमारास मोरीचा पाइप गळायला लागला आणि मागच्या खोलीची फरशी फुगली. गवंड्याला बोलावलं. उंच, वाळका माणूस, आणि प्रत्येक वाक्य 'माझं काय जातंय' ने सुरू करायचा. त्याने मोरी बघितली, फरशी बघितली, मामीला डोळे बारीक करून डाळ निवडताना बघितलं आणि मधल्या भिंतीवर मूठ आपटली.

"माझं काय जातंय सांगायला, पण ही भिंत कशाला ठेवलीय? अर्ध्या विटेची तर आहे. काढून टाका. पुढच्या खिडकीचा उजेड सरळ ओट्यापर्यंत येईल."

मामीच्या हातातली डाळ तशीच राहिली. तिने आधी भिंतीकडे बघितलं, मग मामाकडे. मला वाटलं, सुटला प्रश्न. इतका सोपा उपाय आमच्या तिघांच्या डोक्यात कसा आला नाही याचंच मला नवल वाटलं.

"भिंतीला हात लावायचा नाही," मामा म्हणाला.

माझा मामा आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणालेला नाही. फुकट कॅलेंडर वाटणाऱ्यालासुद्धा तो नाही म्हणत नाही, घरात पाच कॅलेंडरं असतात. त्यामुळे आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"छप्पर कोसळेल," तो म्हणाला.

गवंडी शिडीवर चढला आणि भिंतीच्या माथ्यावरून पत्र्याची पट्टी आरपार सरकवून दाखवली. भिंत आणि छपराच्या मधे बोटभर फट होती. छपराची तुळई आडवी, बाहेरच्या भिंतींवर टेकलेली. "ही भिंत काय छप्पर धरणार, हिला धरायला माणूस लागेल," तो म्हणाला.

"स्वयंपाकाचा वास कापडाला लागेल."

"अहो, कापड इतकी वर्षं ओट्याशेजारीच कापलं जातंय," मामी म्हणाली.

"खाटा दिसतील गिऱ्हाइकाला."

"पडदा लावा," गवंडी म्हणाला.

मामाने इकडेतिकडे बघितलं. "आणि हे घड्याळ? ते कुठे टांगू मी?"

गवंड्याने शिडी उचलली आणि तो मोरीकडे गेला. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते मोरीतलं नव्हतं.

आता मला चैन पडेना. मामीच्या डोळ्यांसाठी मामाने जीव टाकला असता हे मला माहीत होतं. मग एका घड्याळावरून तो अडून का बसला? माझा पहिला तर्क असा की त्याला लाज वाटत असणार. भिंत गेली की जगाला दिसेल, कापतो मास्तर नाही, कापते त्याची बायको. मी त्याला गाठलं आणि तोंडावर विचारलं.

मामा खो खो हसला. "अगं, हे रस्त्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. मीच सांगतो सगळ्यांना. मी कापलं तर काय होतं तेही सांगतो."

दुसरा तर्क असा की भिंतीत काहीतरी आहे. मी चमचा घेऊन झरोक्यापासून दारापर्यंत भिंत ठोकून बघितली. मामीने ओट्यापाशी उभ्या उभ्या माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "काय सापडलं का?" तिने विचारलं. "नाही," मी म्हटलं. "मग तो चमचा विसळून ठेव."

शेवटी मी ऑफिसला दांडी मारली आणि सकाळपासून मामीच्या टेबलापाशी ठाण मांडलं. निमित्त होतं मदतीचं. बारीक रेघांचं कापड आलं होतं, करड्यावर गडद करड्या रेघा, आणि पाठ आणि बाजू जोडताना रेघेला रेघ मिळायला हवी. ती रेघा मला विचारून विचारून खडू ओढत होती. तेवढ्यात पुढे गिऱ्हाईक आलं. मामाचा आवाज ऐकू आला, "छाती छत्तीस!" टक. "कंबर तीस!" टक, टक, टक.

मामीने टेबलाच्या कडेला खडूने लिहिलं: सदतीस. त्याखाली: तेहतीस.

"मामी, तीस म्हणाला तो."

"हो."

"मग तू तेहतीस का लिहिलंस?"

मामीने खडू कानामागे खोचला. "तीस बाईला," ती म्हणाली, "तेहतीस कापडाला."

मला उलगडायला थोडा वेळ लागला, आणि उलगडलं तेव्हा मी तोंडात पदर कोंबावा तसं त्या करड्या कापडाचं टोक कोंबलं, नाहीतर माझं हसू पुढच्या बाकड्यापर्यंत गेलं असतं. लहानपणापासून ऐकलेल्या त्या सगळ्या टकटकी! एक टकटक म्हणजे एक इंच वाढव. बाहेर बाईला आणि बाकड्यावरच्या चारचौघींना कमी आकडा ऐकू जायचा, भिंतीतून मामीला खरा आकडा कळायचा, आणि कपडा असा बसायचा की बाई म्हणायची, माझ्या तिशीच्या कमरेला मास्तरांसारखं कुणी शिवत नाही.

"कुणी काढलं हे डोकं?"

"मीच," मामी म्हणाली. दुकान नवीन होतं तेव्हा मामा खरे आकडे ओरडायचा. एकदा एका तरुण मुलीचं माप त्याने असंच खणखणीत सांगितलं आणि बाकड्यावरची कुणीतरी हसली. मुलगी कापड तिथेच टाकून गेली, परत आलीच नाही. मामाला ते फार लागलं. दोन दिवस तो जेवताना तेच बोलत होता. तेव्हा मामीने ही युक्ती सांगितली. मुलीचा चेहरा मामाने पाहिला होता, मामीने नव्हता, पण मामी अजूनही विचार करायची की ती दिसायला कशी असेल.

"मामी, खरं सांग. माझ्या कमरेला किती टकटक?"

"तू घरची. तुला कशाला खोटं सांगेल तो?" असं म्हणून ती रेघांवर वाकली. मग वाकूनच म्हणाली, "दोन."

हसून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की हसण्यासारखं यात फार काही नाही. भिंत गेली की टकटक गेली. मग मामाने काय करायचं? खरे आकडे चारचौघींत ओरडले तर बायका येणार नाहीत, खोटे ओरडले तर कपडे बसणार नाहीत. आणि भिंत ठेवली तर मामीला दिसत नाही.

"तू बोलत का नाहीस त्याच्याशी?"

"काय बोलू? तो म्हणतोय त्यात चूक काही नाही." तिने कात्री हातात घेतली, तिच्या वडिलांची, दांडा झिजून तिच्याच बोटांच्या मापाचा झालेला. "ही थंडी निघाली तर बघू. मग ठेवून देईन."

कात्री ठेवून देईन, हे तिने पोळपाट ठेवून देईन म्हणावं इतक्या साधेपणाने सांगितलं. मला एकदम रडू यायला लागलं. तिच्याशिवाय दुकान चालणार नव्हतं हे तर होतंच, पण मला दुकानाचं काही वाटलं नाही. कात्रीशिवायची मामी मला डोळ्यांपुढे आणताच येईना.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. रेघा सांगायला कुणी नव्हतं. दुपारी जेवायला पोचले तर मामा झरोक्यापाशी उभा होता आणि करडं कापड झरोक्यातून परत बाहेर आलेलं होतं, न कापता. असं कधी झालं नव्हतं. तो वाकून आत बघत होता.

"काय झालं गं?"

"रेघा दिसत नाहीत मला," आतून मामी म्हणाली. "आहेत का तरी त्यावर?"

मामाने कापड हातात घेतलं, खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं. रेघा स्पष्ट होत्या. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने भिंतीवरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि मोरीत खडबडाट चालला होता तिकडे तोंड करून ओरडला, "कधी फोडतोस रे?"

"माझं काय जातंय, उद्या," गवंडी म्हणाला.

मी पुन्हा दांडी मारली. भिंत पडताना बघायला मिळणार आणि मी ऑफिसात बसणार, हे कसं जमावं? मशीनवर, आरशावर, टेबलावर प्लास्टिक घातलं. गवंडी शिडीवर चढून माथ्यापासून सुरू झाला. छिन्नी विटेच्या सांध्यात, हातोड्याचा एक हलका घाव, वीट सुटली की ती खाली टाकायची नाही, हातात द्यायची. मामा एका बाजूने विटा घेत होता, मी दुसऱ्या. धुळीने आम्ही तिघंही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे झालो. प्रत्येक थर सुटला की मी वाकून आत बघत होते. चमच्याने जे कळलं नव्हतं ते आता कळेल अशी आशा. निघाला एक गंजका खिळा, आणि कुण्या जुन्या गवंड्याने भोक बुजवायला कोंबलेला कागदाचा बोळा. मी तो हळूहळू उलगडला. कोरा होता.

दुपारपर्यंत भिंत छातीएवढी उरली. तिच्या वरून मामाचं डोकं इकडे, मामीचं तिकडे. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"या बाई," मामा म्हणाला. "काय शिवायचं?"

"डोळे," मामी म्हणाली, आणि हसली.

शेवटचा थर निघाला तेव्हा खिडकीचा उजेड टेबलावर पडलेला होता. मामीने प्लास्टिक अर्धं दुमडलं, हात धुतले, करडं कापड अंथरलं आणि तळहाताने सारखं केलं. "आहेत की रेघा," ती म्हणाली. मामा विटा मोजायच्या निमित्ताने दारात जाऊन उभा राहिला.

टकटकीऐवजी नवी खूण ठरली: कान खाजवायचा. एकदा खाजवला तर एक इंच. पहिल्या दिवशी मामाने सवयीने तीनदा पट्टी उगारली आणि तीनदा ती हवेतच राहिली. पण कान चालून गेला. फरशी बसली, पडदा लागला, गिऱ्हाइकं आली. आत येऊन 'अय्या, केवढी मोठी खोली!' म्हणायची आणि टेबलामागच्या मामीकडे नवलाने बघायची. मामी त्यांच्याकडे त्याहून नवलाने बघायची.

आठवड्याभराने शाळेच्या मुख्याध्यापिका बाई ड्रेस घालून बघायला आल्या. भारदस्त बाई. पडद्याआडून बाहेर आल्या त्या डोळे मोठे करून. ड्रेस अंगावर पोत्यासारखा लोंबत होता. मामाचा चेहरा पांढरा पडला. मामीने कात्री खाली ठेवली.

"मास्तर!" बाई ओरडल्या. "मी बारीक झाले!"

बाकड्यावरच्या दोघी उठून त्यांचं अभिनंदन करायला लागल्या. उकडलेल्या भाज्या खाऊन खाऊन शेवटी फळ मिळालं, असं बाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं आणि त्या भाज्यांची कृतीही सांगितली. मामा-मामीने अळीमिळी गुपचिळी. त्या आठवड्यात आमच्या रस्त्यावर अशा चार बायका बारीक झाल्या. पाचवीला मामाने कपाळावर हात मारला.

"तू किती वाढवलेस?"

"तुम्ही तीनदा कान खाजवलात, ते तीन," मामी म्हणाली. "आणि मला दिसलं की तीनने कमी सांगताय, ते तीन."

इतकी वर्षं तिने कानांनी कापलं होतं, आता डोळेही मधे आले होते, आणि ती दोघांचंही ऐकत होती. मला वाटतं, ही चूक या दोघांखेरीज जगात कुणी केली नसती. मग ठरलं की कान बंद. मामाने बाईला खूश करील तो आकडा बिनधास्त सांगावा, मामीने स्वतःच्या डोळ्यांनी बघून कापावं. कपडे पुन्हा अंगावर बसायला लागले, आणि मामाचे आकडे तर आता इतके मोकाट सुटले की एकदा त्याने माझी कंबर चोवीस सांगितली. मामीने मान वर करून फक्त बघितलं.

मग एका दुपारी पोस्टातली बाई आली. मी जेवून हात पुसत होते. ती जुनं गिऱ्हाईक, दर थंडीला एक ड्रेस. मामी तिला तिच्या लोकरी कापडावरून 'हिरवी सर्ज' म्हणून ओळखायची. छाती छत्तीस, सांगायची चौतीस, दोन टकटकी. अलीकडे बरेच महिने ती फिरकली नव्हती. तिने कोट काढला आणि टेबलावर चाललेली कात्री थांबली. आतला ड्रेस मामीनेच कापलेला होता, पण तो तिच्या अंगावर दुसऱ्याच कुणाचा असावा तसा होता. मनगटं काड्यांसारखी. मोठं आजारपण असणार, हे सांगायला डॉक्टर नको होता.

मामाने टेप तिच्याभोवती घेतली. टेपचं टोक पुढे येतच राहिलं. त्याने आकडा बघितला आणि नेहमीच्या सुरात म्हणाला, "छाती चौतीस! होती तेवढीच!" सूर जरा चिरकला. त्याने मामीकडे बघितलं आणि बंद केलेल्या कानाकडे त्याचा हात आपोआप गेला, तिथेच राहिला. वाढवायची खूण त्यांच्याकडे होती. कमी करायची नव्हतीच. कधी लागली नव्हती, की लागली होती आणि भिंतीपलीकडे कळलीच नव्हती, देव जाणे.

मामी टेबलामागून बाहेर आली. तिने मामाच्या हातातून टेप घेतली आणि स्वतः माप घेतलं, सावकाश, बोटं आत ठेवून.

"किती भरलं?" त्या बाईने विचारलं.

मामाने तिच्या पाठीमागून मामीला मानेने खूण केली, नको. बाकड्यावर दोघीजणी बसलेल्या. मामीने मामाकडे बघितलं, मग त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"एकतीस," ती म्हणाली.

बाकड्यावरच्या दोघी एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागल्या. ती बाई आरशाकडे वळली.

"एकतीस," ती म्हणाली. "घरी नवरा म्हणतो, होतीस तशीच आहेस. मुलगी म्हणते, होतीस तशीच आहेस. पोस्टात म्हणतात, उलट छान दिसताय. आणि मी रोज सकाळी कपडे घालते तर त्यात मी कुठे सापडतच नाही. मला वाटायला लागलं होतं, माझंच डोकं फिरलंय." मग ती बाकड्यावर बसली आणि रडली, लपवाछपवी न करता. शेजारच्या बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. माझेही डोळे भरून आले.

मामीने टेप गळ्यात अडकवली. "आपण एकतीसचाच करू," ती म्हणाली. "शिवणीत दोन-दोन बोटं कापड आत ठेवते. अंग भरलं की या, उसवून वाढवून देईन."

"आणि नाही भरलं तर?"

"तर राहील आत. बाहेरून कुणाला दिसतंय?"

त्या बाईने रुमालाने डोळे पुसले, उठली आणि हात पुढे केला. मामाने तिच्या खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावली, आकडा बघितला आणि मामीला सांगितला. खरा आकडा होता. तो त्याने हळू सांगितला, टेबलापर्यंत पोचेल एवढाच.